‘सी विंग कुठंय?’ : नाशिकच्या एका वकिली कार्यालयातून पत्ता बाहेर कसा गेला

पाथर्डी फाट्याजवळच्या एका इमारतीच्या वॉचमनला एका संध्याकाळी कुणीतरी विचारलं, "सी विंग कुठंय?" त्या इमारतीला ए आणि बी अशा दोनच विंग आहेत. वॉचमननं तसं सांगितल्यावर त्या माणसानं एका बाईंचं नाव घेतलं, त्या कितव्या मजल्यावर राहतात हेही सांगितलं आणि मग वर न जाता समोरच्या टपरीवर बराच वेळ उभा राहिला. दोनच दिवसांनी तो सकाळी मुलांच्या स्कूल व्हॅनच्या थांब्यावर दिसला.

तो त्या बाईंचा नवरा होता. त्याच्यापासून लांब राहता यावं म्हणूनच बाईंनी हे घर भाड्यानं घेतलं होतं. पत्ता फार थोड्या लोकांना ठाऊक होता, आणि त्यात त्यांच्या वकिलांचं कार्यालय होतं. बाई दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस रजा टाकून शरणपूर रोडवरच्या त्या कार्यालयात आल्या आणि खुर्चीवर बसायच्या आधी म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या इथूनच गेलंय."

बाईंचं म्हणणं खरं निघालं, पण त्यांना वाटत होतं त्या रीतीनं नव्हे. पुढे काय झालं ते मी कार्यालयाच्या आणि बाईंच्याही परवानगीनं लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी स्वतः वकिली करतो. या प्रकरणात माझा संबंध एवढाच, की कागद कुठून कुठे फिरला हे बाहेरच्या माणसानं तपासून द्यावं म्हणून मला बोलावलं होतं.

कार्यालय आणि दावा

कार्यालय मध्यम आकाराचं आहे. दोन भागीदार : एक ज्येष्ठ सर, दुसऱ्या मॅडम. तीन ज्युनिअर, एक टायपिस्ट, आणि सगळे ज्यांना ‘नाना’ म्हणतात ते कारकून. काम मुख्यतः दोन प्रकारचं : कौटुंबिक दावे आणि भूसंपादनाच्या मोबदल्याची प्रकरणं. दुसऱ्या प्रकारात सिन्नर, दिंडोरी, निफाड तालुक्यांतले शेतकरी पिशवीत सातबारा, आठ-अ, फेरफार, पासबुक आणि अख्ख्या घराची आधार कार्डं घेऊन येतात आणि पिशवीच टेबलावर ठेवून जातात. सातबारा महाभूलेखवर कुणालाही दिसतो, त्यामुळे पिशवीतलं बाकीचंही तसंच ‘उघडं’ आहे असं देणाऱ्यालाही वाटतं आणि घेणाऱ्यालाही. तसं ते नसतं. रद्द केलेला धनादेश, आधारची छायाप्रत आणि सहीचा नमुना एकत्र मिळाले तर लबाडाला आणखी फारसं काही लागत नाही. पण तो वेगळा विषय.

आपल्या बाईंचा दावा घटस्फोटाचा आणि मुलीच्या पोटगीचा. नवरा मूळचा निफाड तालुक्यातला. लग्नानंतर दोघं नाशिकरोडला राहत होते, त्यामुळे दोघांचं शेवटचं एकत्र वास्तव्य या आधारावर दावा नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात चालू शकत होता. अधिकारक्षेत्रासाठी बाईंचा नवा पत्ता लागतच नव्हता, हे मॅडमनी आधीच ओळखलं होतं. दाव्यात पत्ता घातला तो सिन्नरच्या माहेरचा. नोटिसा वकिलांवर बजावल्या तरी चालतात. भाडेकराराची प्रत फाईलमध्ये घेतलीच नाही. म्हणजे गोपनीयतेचं भान या कार्यालयाला नव्हतं असं म्हणता येणार नाही. उलट, मी नाशिकमध्ये पाहिलेल्या बऱ्याच कार्यालयांपेक्षा इथली काळजी जास्त होती.

तरीही पत्ता गेला.

संशय आधी माणसावर जातो

बाईंचा संशय नानांवर होता, आणि संशयाला कारणही होतं. नाना निफाड तालुक्यातले. त्यांचा मेहुणा नवऱ्याच्या गावात राहतो. प्रतिज्ञापत्रावर घाईनं सही हवी होती तेव्हा नाना एकदा कागद घेऊन बाईंच्या घरी गेले होते. म्हणजे पत्ता माहीत होता, जिना चढलेले होते, आणि नातंही होतं. नाशिकमध्ये दोन अनोळखी माणसांच्या मध्ये तिसरा पाहुणा निघतोच. जिल्हा न्यायालयाच्या आवारात तासभर बसलं तर कुणाचा कोण हे आपोआप कानावर येतं. अशा गावात कारकुनावर बोट जाणं सर्वांत सोपं.

सरांनी नानांना केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही, पण प्रश्न सरळ विचारला. नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "साहेब, तो माणूस सी विंग विचारत होता ना? मी बी विंगचा जिना चढलोय. मी सांगितलं असतं तर बी सांगितलं असतं."

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत हुशार युक्तिवाद होता, आणि तो वकिलीची सनद नसलेल्या माणसानं केला.

मग प्रश्न उलटा झाला : ‘सी’ कुठे लिहिलंय? भाडेकरार घरमालकाकडे, त्यात बी. शाळेच्या अर्जात बी. आधारवर अजून नाशिकरोडचा जुना पत्ता. बाईंनी पर्समधून एकेक कागद काढून पाहिला. शेवटी त्यांनाच आठवलं, की नवं डेबिट कार्ड घरपोच यावं म्हणून त्यांनी बँकेत पत्ता बदलून घेतला होता आणि तिथे नोंद करणाऱ्यानं ‘सी’ टाकलं होतं. कार्ड तरीही पोचलं, कारण वॉचमनला नाव माहीत होतं. चूक कुणी दुरुस्त केली नाही. बँकेच्या स्टेटमेंटच्या पहिल्या पानावर, नावाखाली, तो चुकलेला पत्ता छापून येत होता.

आणि ते स्टेटमेंट कार्यालयानंच, रीतसर, पोच घेऊन, समोरच्या वकिलांना दिलं होतं.

स्टेटमेंट तिथे कसं पोचलं

सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रकरणांसाठी एक शिस्त घालून दिली. दोन्ही बाजूंनी उत्पन्न, खर्च, मालमत्ता आणि देणी यांचं ठरावीक नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र द्यायचं. हेतू चांगला होता. त्याआधी नवरा उत्पन्न लपवायचा, बायको खर्च फुगवायची, आणि न्यायाधीशांना अंदाजानं आकडा ठरवावा लागायचा. पण त्याचा एक परिणाम कुणी फारसा बोलून दाखवत नाही. वेगळं होऊ पाहणाऱ्या दोन माणसांच्या पैशांचा सगळा माग आता एकमेकांच्या हातात जातो. पूर्वी बँक स्टेटमेंट म्हणजे पगार, धनादेश आणि एटीएम. आता यूपीआयमुळे रोजचं जगणं तिथे ओळीओळीनं उतरतं. दूध कुठून घेतलं, व्हॅनवाल्याला कधी पैसे दिले, कोणत्या मेडिकलमधून औषध आलं, कोणत्या डॉक्टरकडे किती वेळा गेलं. पहिल्या पानावरचा पत्ता नसता, तरी पुढच्या पानांतल्या डेअरीच्या आणि किराणा दुकानाच्या नावांवरून पाथर्डी फाटा ओळखायला फार वेळ लागला नसता.

ज्युनिअरनं ते स्टेटमेंट पाहिलं नव्हतं असं नाही. पगार जमा झाल्याच्या ओळींवर तिनं पिवळा हायलायटर ओढला होता. त्या ओळी हव्या होत्या, म्हणून त्याच दिसल्या. पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्याकडे पाहायचं काही कारण तिला नव्हतं, आणि पाहा असं तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

इथे माझं काम संपायला हवं होतं, पण एकदा मागोवा घ्यायला बसलोच होतो म्हणून त्या पीडीएफचा पूर्ण प्रवास लिहून काढला. बाईंनी बँकेच्या ॲपवरून फाईल उतरवली. ती ज्युनिअरच्या वैयक्तिक व्हॉट्सॲपवर पाठवली, आणि खालच्या मेसेजमध्ये फाईलचा पासवर्ड. ज्युनिअरनं फाईल आणि पासवर्ड टायपिस्टला पुढे पाठवले. कार्यालयातला प्रिंटर त्या दिवशी बंद होता, म्हणून टायपिस्टनं ते सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) झेरॉक्सवाल्याच्या नंबरवर धाडलं. कोर्टाच्या आसपास ही इतकी रुळलेली पद्धत आहे, की दुकानाच्या काचेवर नंबर मोठ्या अक्षरांत लावलेला असतो. दुकानातल्या संगणकावर व्हॉट्सॲप वेब दिवसभर उघडं असतं आणि येणारी प्रत्येक फाईल डाऊनलोडच्या फोल्डरमध्ये पडून राहते.

आम्ही तिथे गेलो. दुकानदार भला माणूस. "पाहा की साहेब," म्हणाला आणि स्क्रीन आमच्याकडे फिरवली. त्या फोल्डरमध्ये नाशिकच्या निम्म्या वकिलांची कागदपत्रं होती असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही. दावे, जामीन अर्ज, वैद्यकीय अहवाल, आधार, पॅन, पासपोर्टची पानं. त्यानं लपवलं काहीच नव्हतं, आणि विकलंही नव्हतं. पुसायचं असतं हे त्याला कधी कुणी म्हणालंच नव्हतं. आमच्या फाईली आमच्यासमोर पुसल्या, रिसायकल बिनमधूनही. बाकीच्यांचं काय, हे विचारायचा अधिकार आम्हाला नव्हता.

नवऱ्याकडे पत्ता गेला तो झेरॉक्सच्या दुकानातून नव्हे, हे स्पष्ट होतं. पण कुणी ठरवून शोधायला निघाला असता, तर समोरच्या वकिलांपर्यंत थांबायचीही गरज नव्हती.

कायदा कुठपर्यंत येतो

वकील आणि पक्षकार यांच्यातलं बोलणं गोपनीय, हे वकिलाला शिकवावं लागत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १२६ आम्ही सगळ्यांनी पाठ केलं होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३२ त्या जागी आलं. पक्षकाराच्या स्पष्ट संमतीशिवाय वकिलानं त्याचं बोलणं, त्याचे कागद, त्याला दिलेला सल्ला उघड करायचा नाही. वकीलपत्र संपल्यावरही हे बंधन राहतं. बेकायदेशीर हेतूनं सांगितलेली गोष्ट किंवा काम सुरू असताना दिसलेला गुन्हा याला संरक्षण नाही. बार कौन्सिलच्या नियमांतही हेच कर्तव्य आहे. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तपासयंत्रणांनी वकिलांना त्यांच्या पक्षकारांबद्दल सरसकट समन्स काढण्यावर मर्यादा घातली. अपवादात बसत असेल तरच, आणि तेही किमान पोलीस अधीक्षक दर्जाच्या वरिष्ठाच्या लेखी मान्यतेनं. वकिलाचा मोबाईल वा लॅपटॉप हवा असेल, तर तो न्यायालयापुढेच हजर करायचा. बार रूममध्ये त्या दिवशी सगळे खुशीत होते, आणि रास्त खुशीत होते.

पण हे सारं संरक्षण बाहेरून येणाऱ्या हातापासून आहे. आपल्याच हातानं दिलेल्या कागदाबद्दल त्यात काही नाही. वकिलाला गुपित राखता येतं. त्याला सवय नाही ती कागद कमी घ्यायची आणि कमी द्यायची. दाव्यात ‘असू द्या, लागलं तर’ म्हणून जास्तीचे जोडपत्र लावणं ही आमच्याकडे तयारीची खूण समजली जाते.

कलम १३२ कारकुनांना आणि वकिलांच्या इतर नोकरांनाही लागू आहे. नानांना हे मॅडमनी वाचून दाखवलं तेव्हा त्यांना बरं वाटलं. आपण नुसते पिशव्या उचलणारे नाही, कायद्यात आपलंही नाव आहे, असं काहीसं ते म्हणाले. झेरॉक्सवाल्याचं मात्र त्या कलमात नाव नाही.

त्याचं नाव अप्रत्यक्षपणे दुसऱ्या कायद्यात आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू करायचं अधिसूचनेत ठरलं आहे. या कायद्याबद्दल वकिलांत एक समज पसरलाय, की आपण त्यातून सुटलो. समज अर्धवट खरा आहे. कलम १७ म्हणतं, की कायदेशीर हक्क वा दावा बजावण्यासाठी माहिती वापरणं आवश्यक असेल तर संमती, सूचना वगैरे बरीच बंधनं लागू नाहीत. ते साहजिकही आहे. नवऱ्याविरुद्ध दावा लावताना नवऱ्याची संमती कोण आणणार? पण त्याच कलमानं दोन गोष्टी वगळून बाजूला ठेवल्यात. कलम ८ चं पहिलं पोटकलम : तुमच्या वतीनं दुसऱ्या कुणी माहिती हाताळली तरी जबाबदार तुम्हीच. आणि पाचवं पोटकलम : माहिती सुरक्षित राहील अशी वाजवी काळजी घ्यायचीच. पहिलं वाचलं की मला सीबीएसजवळचं ते दुकान दिसतं. तो फोल्डर त्याच्या संगणकात असला, तरी फाईल तिथे पाठवणारं कार्यालय ‘ते त्याचं आहे’ म्हणून मोकळं होत नाही.

वाजवी काळजी न घेतल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. हा आकडा परिसंवादांत फार फिरतो आणि शरणपूर रोडवर कुणी तो गांभीर्यानं घेत नाही. दंड ठरवताना चुकीचं स्वरूप, गांभीर्य, कालावधी असं बरंच पाहिलं जाणार, त्यामुळे छोट्या कार्यालयाला तो आकडा लागेल असं मलाही वाटत नाही. मला खटकतं ते वेगळंच. तो दंड भारताच्या संचित निधीत जमा होणार. पत्ता ज्या बाईंचा गेला, त्यांना त्यातला रुपया नाही. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३-अ, ज्यात निष्काळजीपणामुळे नुकसान झालेल्याला भरपाई मागता येत होती, तेही नव्या कायद्यानं काढून टाकायची तरतूद केली आहे. सरकारची तिजोरी भरणारा आणि पीडिताचा हात रिकामा ठेवणारा हा बदल मला तरी चुकीचा वाटतो.

सांगायचं की नाही

कार्यालयात खरा वाद यावर झाला. ‘सी’चा उलगडा झाला तेव्हा बाई समोरच होत्या, म्हणून पहिल्या पानाची गोष्ट लपण्यासारखी नव्हतीच. पण पीडीएफ झेरॉक्सच्या दुकानात पडून होती, पासवर्डसकट, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यातून नुकसान झालेलं नव्हतं. सरांचं मत होतं, की जे घडलं नाही ते सांगून घाबरलेल्या बाईला आणखी कशाला घाबरवायचं. मॅडमचं म्हणणं होतं, की पासवर्ड जन्मतारखेवरून बनवलेला आहे, तोच नमुना त्यांच्या दुसऱ्या खात्यालाही असणार, आणि तो बदलायचा की नाही हे ठरवायला त्यांना कळायला हवं. ज्युनिअर काही बोलली नाही.

सर हे काही लपवाछपवी करणारे गृहस्थ नव्हेत. त्यांच्या पिढीत पक्षकाराचं मन शांत ठेवणं हेही वकिलाचं काम मानलं जायचं. पण इथे मी मॅडमच्या बाजूचा आहे. कार्यालयाचं नाव खराब होण्याची भीती आणि पक्षकाराच्या काळजीपोटी गप्प बसणं, या दोन गोष्टी आतून वेगळ्या असल्या तरी बाहेरून सारख्याच दिसतात, आणि नंतर कळलं तर पक्षकार पहिलीच गृहीत धरतो.

सांगितलं. बाई चिडल्या, मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "वकील बदलत नाही. पण यापुढे माझं एकही पान मी पाहिल्याशिवाय बाहेर जाणार नाही." नानांकडे वळून त्या "नाना, माझं चुकलं" असंही म्हणाल्या. नानांनी चहा मागवला.

ती अट कार्यालयानं पुढे सगळ्या कौटुंबिक दाव्यांना लावली. दाखल करायचा संच पक्षकारानं आधी पाहायचा, आणि त्याला एकच प्रश्न विचारायचा : यातलं काय त्याला किंवा तिला कळलेलं तुम्हाला चालणार नाही? वकिलाला कायद्याचा नमुना दिसतो, आपलं घर कुठल्या ओळीत आहे ते पक्षकारालाच दिसतं. मला हा बदल सगळ्यांत मोलाचा वाटतो, आणि त्याला पैसा लागला नाही.

बाकीचे बदल कमी-जास्त टिकले. नवा प्रिंटर आला. एक कार्यालयाचा मोबाईल आणि एकच नंबर ठेवला, वैयक्तिक फोनवर कागद घ्यायचे बंद. आधार लागलंच तर शेवटचे चारच आकडे दिसणारं. पक्षकारांनी एका सुरक्षित लिंकवर कागद चढवावेत ही कल्पना मात्र लगेच बारगळली. सुरगाण्याहून आलेल्या माणसाला ती लिंक उघडेना, आणि कॉलेज रोडच्या डॉक्टरांनाही उघडायला वेळ नव्हता. सगळे पुन्हा व्हॉट्सॲपवरच पाठवू लागले. शेवटी व्हॉट्सॲप मान्य करून, फाईल उतरवून घेतली की त्याच संध्याकाळी फोनवरून पुसायची, असा नियम केला. तो टायपिस्ट पाळते, ज्युनिअर आठवण केल्यावर पाळतात. निकाली फाईलींचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही. त्या पंचवटीतल्या सरांच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर आहेत आणि तिथे कुणाची कोणती फाईल आहे हे फक्त नानांना माहीत आहे.

झाकायचं कसं

आता दाव्यातलं काम. तातडीचं होतं ते बाईंचं संरक्षण. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ च्या कलम २६ प्रमाणे सुरू असलेल्या कौटुंबिक दाव्यातच संरक्षण आदेश मागता येतो, वेगळी फौजदारी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. मॅडमनी त्याच दाव्यात अर्ज दिला : घराजवळ आणि व्हॅनच्या थांब्यावर येऊ नये, कोणत्याही मार्गानं संपर्क करू नये. अंतरिम आदेश मिळाला. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कळलेला पत्ता आदेशानं परत अज्ञात होत नाही. बाईंनी घर बदलायचा विचार केला आणि मुलीच्या शाळेमुळे सोडून दिला.

दुसरा अर्ज स्टेटमेंटबद्दल. आधी दिलेली प्रत रेकॉर्डवरून बदलून झाकलेली प्रत घ्यावी, मूळ प्रत न्यायालयानं बंद पाकिटात ठेवावी. इथे एक खाच आहे. पोटगीच्या प्रतिज्ञापत्रात वस्तुस्थिती लपवणं ही गंभीर गोष्ट आहे. खोटं निवेदन केल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली, म्हणजे जुन्या ३४० खाली, चौकशी लागू शकते. त्यामुळे गुपचूप काळा पेन फिरवून चालत नाही. काय झाकलं, का झाकलं, हे अर्जात लिहावं लागतं. मॅडमनी साधी रेघ आखली : तारीख, रक्कम, जमा की नावे, शिल्लक हे सगळं उघडं. पत्ता, आणि कुणाला पैसे दिले ती नावं झाकलेली. पोटगी ठरवायला दूध किती रुपयांचं हे लागतं, डेअरी कुठली हे लागत नाही.

झाकण्याची कृती सांगतो, कारण बरेच जण इथे फसतात. पीडीएफवर काळी चौकट ठेवली तरी खाली अक्षरं शाबूत असतात, ती निवडून दुसरीकडे चिकटवली की वाचता येतात. कागदावर मार्कर मारला तर उजेडात धरल्यावर दिसतं. इथे नानांची जुनी पद्धत कामी आली. प्रिंटवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवून झेरॉक्स, आणि त्या झेरॉक्सचं स्कॅन. त्यात खाली अक्षर उरतच नाही. ई-फायलिंगला तेच स्कॅन वापरलं. प्रत्येक पानावर ‘मजकूर झाकला आहे, अर्ज पाहावा’ असा शिक्का.

समोरच्यांचा से, म्हणजे अर्जावरचं लेखी म्हणणं, आला : स्टेटमेंट महत्त्वाचा पुरावा आहे, बाई वेगळं उत्पन्न दडवत असतील, नावं दिसल्याशिवाय उलटतपासणी कशी घ्यायची. से अगदीच निराधार नव्हता. पैसे येणाऱ्या ओळींतली नावं खरंच महत्त्वाची असू शकतात. मॅडमनी ती पट्टी काढायची तयारी दाखवली : जमा रकमांची नावं उघडी, खर्चाची झाकलेली.

समोरच्याचं स्टेटमेंट

हा मुद्दा चालू असतानाच नवऱ्याचं प्रतिज्ञापत्र आलं, सोबत त्याचं बँक स्टेटमेंट, पानं भरून, काहीही न झाकलेलं. त्यात त्याची औषधं, एका दवाखान्याचं नाव पुन्हा पुन्हा, एका बाईच्या नावावर दर महिन्याला जाणारी रक्कम. बाईंनी फोन केला, "त्याचं स्टेटमेंट मला व्हॉट्सॲप करा."

त्या दाव्यातल्या पक्षकार आहेत. प्रत त्यांच्यासाठीच आली आहे. ती नाकारायचा कार्यालयाला अधिकार नाही. पण ती पाठवली की ती कोणकोणत्या फोनवर जाईल, माहेरच्या कोणत्या ग्रुपवर फिरेल, हेही सगळ्यांना माहीत होतं. सर म्हणाले, प्रत द्या, आपलं काम संपलं. मॅडमनी बाईंना कार्यालयात बोलावलं, पानं पुढे ठेवली, हवं ते टिपून घ्यायला सांगितलं आणि मग विचारलं, प्रत घरी न्यायची आहे का. बाईंनी थोडा वेळ पाहिलं, रकमांच्या काही ओळी वहीत उतरवून घेतल्या आणि म्हणाल्या, "इथेच राहू द्या."

दवाखान्याचं नाव मॅडमनी समोरच्या वकिलांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनीही ते पान पाहिलेलं नव्हतं. त्यानंतर त्यांचा से मवाळ झाला, आणि काही दिवसांनी दोन्ही बाजूंनी मिळून पुरसिस, म्हणजे न्यायालयाला द्यायचं लेखी निवेदन, दाखल केली : दोघांचीही स्टेटमेंट झाकलेल्या स्वरूपात रेकॉर्डवर यावीत, मूळ प्रती बंद पाकिटात, आणि आधी एकमेकांना दिलेल्या प्रती परत. न्यायालयानं पुरसिस मान्य केली. प्रती परत आल्या तेव्हा नानांनी पानं मोजून घेतली, पावती दिली आणि आवक रजिस्टरमध्ये नोंद केली. अंतरिम पोटगीवर युक्तिवाद अजून व्हायचा आहे.